उशिरा आलेला पिवळा रंग

नळाला पाणी असेपर्यंत टाकीवालीचं नाव कुणी काढत नसे. नळ कोरडा पडला की मात्र अख्ख्या गावाला ती आठवायची, आणि तेव्हा कुणाच्या तोंडात साखर नसायची. पाण्याच्या खात्यात राबणाऱ्याचं नशीबच तसं. काम नीट केलं तर माणूस असून नसल्यासारखा, आणि एकदा हात चुकला की सात पिढ्यांचा उद्धार.

ती राहायची गावाबाहेरच्या टेकडीवर, फिल्टर हाऊसला चिकटलेल्या दोन खोल्यांत. नवरा तिथेच पंपावर होता. तो गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, "बाई, ही मोठाली चाकं तुम्हाला फिरवता येतील का?" ही म्हणाली, "नवऱ्याला काही फिरवता आलं नाही, चाकं तरी फिरवून बघते." साहेब हसले आणि सही केली. पुढे साहेब बदलले, चाकं तीच राहिली.

मूलबाळ नव्हतं. भिंतीपलीकडे पंप चालू असला की खाटेचा एक पाय बारीक थरथरायचा. त्या थरथरीची इतकी सवय झाली होती की पंप बंद केला की घरातून कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटायचं. टेकडीच्या पायथ्याशी नदी. नदीकाठी जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायची विहीर. तिथून पाणी वर चढायचं, हौदात गाळ खाली बसायचा, वाळूच्या थरातून पाणी गळून निघायचं, आणि टाकीत पडायच्या आधी त्यात ब्लीचिंग पावडरीचं औषध थेंबथेंब मिसळायचं. औषधाच्या पिंपाला एवढीशी तोटी. ती किती उघडायची हे टाकीवालीच्या बोटांना पाठ. त्या पिंपापाशी इतकी वर्षं काढलेलं तिचं नाक मात्र कधीच कामातून गेलं होतं. त्याला फुलं काय आणि फिनेल काय, सारखंच.

दिवसातून एकदा तिच्या दारात माणूस यायचा. तो तिचा सख्खा धाकटा भाऊ. त्याचा गोठा नदीच्या वरच्या अंगाला, वळणापलीकडे. दुधाचे कॅन टेम्पोत घालून तो सकाळी गावात निघायचा आणि वाटेत टाकीपाशी थांबायचा. झाकण चेपलेला एक छोटा डबा तिचा. डबा उंबऱ्यावर ठेवायचा आणि स्वतः पायरीवर बसायचा. ही चहा आणायची. बोलणं काय, तर गाय अडली, पत्रा उडाला, तुझ्या वहिनीचे गुडघे. ती त्याच्या बायकोला वहिनी म्हणत नसे, वयाने लहान होती ती, पण तो मुद्दाम म्हणायचा, हिला डिवचायला. कधी दोघं काहीच बोलायची नाहीत. तरी दिवसभर पुरायचं तेवढं.

नेमकी तीच वेळ पाणी तपासायची. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, बाटलीतल्या औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की समजायचं, जंतू मारायला पुरेसं औषध पाण्यात आहे. टाकीवाली थेंब टाकायची, नळी खिडकीतल्या लाकडी खाचेत उभी करायची आणि चहा घेऊन भावाजवळ येऊन बसायची. टेम्पो उताराला लागला की आत जाऊन नळी बघायची. पिवळी. रोज पिवळी. नवऱ्याने शिकवताना सांगितलं होतं, "थेंब टाक आणि बघ." कधी बघ, हे त्याने सांगितलं नव्हतं की हिने ऐकलं नव्हतं, ते आता विचारायला तो कुठे होता. पाणी चांगलं होतं तोवर चहाआधी बघितलं काय आणि चहानंतर काय, फरक पडत नव्हता.

भावाची एक खोड लहानपणापासूनची. रागावला की ज्याच्यावर राग त्याच्याशी बोलायचा नाही. घरात मांजर होतं, त्याला सांगायचा. "मनी, तिला सांग, माझी पेन्सिल परत दे म्हणावं." आई कपाळाला हात लावायची. मांजर गेलं, आई गेली, खोड राहिली. आता तो कॅनशी बोलायचा, टेम्पोशी बोलायचा, गाईंशी तर बोलायचाच. लेकी बोले सुने लागे, त्यातला प्रकार.

त्या सकाळी पेपरवालाही पायरीपाशी सायकल टेकवून उभा होता. हिला चेव आला. ऐकणारे दोन असले की एकट्या माणसाची जीभ सैल सुटते. डब्याचं झाकण उघडून तिने आत डोकावलं आणि म्हणाली, "धाकट्या, दूध फार निळं दिसतंय रे. पाणी घालतोस ते घाल, पण पाणी माझंच आहे, एवढं लक्षात ठेव."

पेपरवाला खो खो हसला. दूधवाल्याला दुसरी कुठलीही शिवी चालते, ही चालत नाही. भावाने चहाचा कप अर्धा ठेवला, टेम्पोतल्या मोठ्या कॅनवर थाप मारली आणि म्हणाला, "चला महाराज. इथे आपली किंमत राहिली नाही."

"अरे, गंमत केली," ही म्हणाली.

"यांना सांगा," तो कॅनला म्हणाला, "आम्हाला उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

टेम्पोचा आवाज तिला पाठ होता, तिसऱ्या गिअरला खोकायचा. तो खोकला खालच्या रस्त्याने आला आणि तसाच गावाकडे गेला. तिने दोघांचा चहा टाकला होता. दोन्ही कप तिनेच प्यायले, दुसरा गार झाल्यावर. नळी बघितली, पिवळी होती. पुढच्या दिवशीही टेम्पो खालूनच गेला. एवढ्याशा बोलण्याचा एवढा राग. तिने मनाशी भांडण चालू ठेवलं. दोन्ही बाजू तीच मांडायची. थोरली मी, मी का जाऊ. पण चारचौघांत बोलायला नको होतं. चारचौघं कुठे, एक पेपरवाला होता. तरी पण.

तिचं लक्ष तिकडे, आणि इकडे पाण्याचं काहीतरी बिनसलं होतं. वाळूचा थर लवकर तुंबायला लागला. हौदाच्या कडेला मळकट फेस जमला. वर कुठेतरी पाऊस झाला असेल, पालापाचोळा आला असेल, म्हणून तिने थर धुऊन काढला आणि पुन्हा भावाच्या विचाराला लागली.

मग फोन वाजायला लागला.

पहिला फोन मास्तरांचा. शाळा सुटून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण वर्ग सुटला नव्हता. गावातला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी शेवटच्या बाकावरचा. "टाकीवाली, औषध काय फुकट आलंय का? चहाला दवाखान्याचा वास मारतोय."

"बघते मास्तर."

"बघू नका. करा."

तिने तोटी अंमळ आवळली. दुपारी हॉटेलवाल्याचा फोन. "मावशी, गिऱ्हाईक विचारतंय, चहा ढवळायला थर्मामीटर वापरता का. काय उत्तर देऊ?"

"हो म्हण, वरून ताप पण मोजून देतो म्हण."

तो हसला, तीही हसली. तोटी अजून थोडी आवळली. खरं सांगायचं तर तिला त्या फोनांचं वाईट वाटत नव्हतं. पायरीवर कुणी बसत नव्हतं, निदान तारेतून तरी माणसं बोलत होती. सकाळी मास्तरांचा पुन्हा फोन आला, "हं. आज चहा माणसांचा लागला." मास्तरांनी शाबासकी दिलेली गावात कुणाच्या ऐकिवात नव्हती. ती दिवसभर त्या एका वाक्यावर होती. संध्याकाळी कुणी न सांगताच तिने तोटी आणखी केसभर आवळली. नळी बघितली. पिवळी होती, जरा फिकट, पण पिवळी.

आपल्याकडे असंच चालतं. वास आला की ओरडायचं, का आला ते विचारायचं नाही. आणि ज्याच्यावर ओरडायचं तोही वास घालवतो, कारण शोधत नाही.

दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला तेव्हा ती पंपाला तेल देत होती. "मावशी, पाण्याचं काही आहे का हो? काल संध्याकाळपासून उलट्या-जुलाबाचीच माणसं. लहान मुलं जास्त. मास्तरांची नात पण आणलीय, सलाईन लावलंय."

टाकीवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या पाण्याला नाव ठेवू नका सिस्टर. नळी पिवळी आहे माझी. रस्त्यावरचं काहीबाही खातात आणि खापर पाण्यावर."

"मी फक्त विचारलं."

"विचारलंत, सांगितलं."

फोन ठेवला खरा, पण हात तसाच फोनवर राहिला. मास्तरांची नात सुट्टीत आजोबांबरोबर टेकडीवर यायची. टाकीच्या जिन्याखाली उभी राहून ओरडायची आणि प्रतिध्वनी आला की त्यालाच "कोण रे?" म्हणून दरडावायची. टाकीवालीने खिडकीतली नळी पुन्हा उजेडात धरली. पिवळी होती. मग छातीत हे काय होतंय, ते कुणाला तरी विचारावंसं वाटलं. विचारण्यासारखा माणूस जगात एकच होता, आणि तो खालच्या रस्त्याने जात होता.

तिने चेपलेल्या झाकणाचा डबा घेतला. माफी मागायला जात नाही, दूध आणायला जाते, असं स्वतःला बजावलं आणि ओढ्याकाठच्या पाऊलवाटेने निघाली. ती वाट जवळची. ओढा भावाच्या गोठ्यामागून येतो आणि जॅकवेलच्या जरा वर नदीला मिळतो.

अर्ध्या वाटेत तिचे पाय थबकले. काठचं गवत सगळं एकाच दिशेला झोपलं होतं, आणि त्यावर तपकिरी पापुद्रा वाळला होता. दगडांना तोच लेप. डबक्यात बोटभर मासे पोट वर करून पडले होते, त्यांच्यावर माश्या. तिच्या निकामी नाकालासुद्धा काहीतरी आंबट, उग्र असं टोचलं. ती वर चढत गेली. गोठ्यामागे शेणखड्डा होता. गोठा धुतलेलं पाणी, शेण, मूत सगळं त्यात साठायचं आणि पेरणीआधी शेतात जायचं. खड्ड्याच्या ओढ्याकडच्या बांधाला दोन हात रुंद नवं ठिगळ होतं. ताजी लाल माती, वर वाळूची पोती, पोत्यांवर फावड्याचे ठसे. खड्डा निम्म्याहून जास्त रिकामा होता आणि आतल्या भिंतीवर, पार काठाशी, जुन्या पातळीची काळी रेघ होती.

त्या रेघेपासून तळातल्या काल्यापर्यंतचं सगळं कुठे गेलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

भाऊ गोठ्यात पाइप धरून फरशी धूत होता. तिला बघितलं आणि त्याने मान वळवली. पुढ्यातल्या तांबड्या गाईला म्हणाला, "पाहुणे आलेत गं."

"धाकट्या, गाईशी नंतर बोल. कधी फुटला?"

पाण्याची धार एकाच जागी पडत राहिली.

"तू यायचा थांबलास त्या दिवशी?"

त्याने मान हलवली.

"आणि मी समजत होते, दुधावरून बोलले म्हणून रुसलास."

"दुधावरून काय?" तो म्हणाला, आणि खरंच आठवत नसल्यासारखं त्याने तिच्याकडे बघितलं.

ज्या वाक्याची तिने इतके दिवस उलटसुलट उजळणी केली होती, ते त्याच्या ध्यानातही नव्हतं. तिला वाटलं, बसावं कुठेतरी. पण गोठ्यात बसायला जागा नव्हती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू लगेच साहेबांना फोन लावणार, आणि साहेब माझ्या गोठ्याला टाळं लावणार. गाई वाढवल्या, खड्डा तेवढाच ठेवला, हे मला कळत नाही का? कळतंय. या साली मोठा करणारच होतो." त्याने पाइप खाली टाकला. "आणि ताई, तुझं औषध असतं की पाण्यात. औषध असतं कशाला? मी म्हटलं, एवढी ताई बसलीय तिथे, ती काय गावाला शेण पाजेल का? तुझ्या भरवशावर गप्प बसलो मी."

टाकीवालीने हातातला डबा खाली ठेवला. ती म्हणाली, "औषध मी कमी केलंय."

"काय?"

"गावाला वास येत होता. मी तोटी आवळली."

खाली पडलेला पाइप वाहत होता. तांबडी गाय शांतपणे रवंथ करत होती, दोघांपेक्षा तिचंच बरं चाललं होतं.

भावजय दारात येऊन उभी होती, केव्हापासून कुणास ठाऊक. पदराला हात पुसत ती म्हणाली, "वन्सं, आता जे झालं ते झालं. तुम्ही पंप बिघडला म्हणा. दोन दिवस पाणी बंद ठेवा, टाकी धुऊन घ्या, औषध घाला दुप्पट. तुमचंही झाकलं जाईल, आमचंही. पंप काय, नेहमीच बिघडतो."

"हे बरं आहे," भाऊ म्हणाला. मग हळू आवाजात, "उद्यापासून येतो सकाळी. आलो असतोच. पण तुझ्या तोंडाकडे बघायला जमेना."

ती ओढ्याकडे वळली. डबा तिथेच राहिला, आणि ते तिला ओढ्यात उतरल्यावर कळलं. परत गेली नाही.

भावजयीची युक्ती वाईट नव्हती. वाटेने येताना टाकीवालीने ती उलटून पालटून बघितली, नव्या भांड्यासारखी, कुठे भोक नाही ना म्हणून. पंप बिघडला यावर कुणी शंका घेतली नसती. मास्तर दोन शिव्या देतील, हॉटेलवाला एक विनोद करेल. औषधाची गोष्ट कुणाला कळणार नाही, बांधाची नाही. आणि उद्या सकाळी टेम्पो वर चढेल, तो पायरीवर बसेल, चहा पिईल. खोटं एका वाक्याचं, आणि त्याच्या बदल्यात रोजचा माणूस. स्वस्त होतं.

फिल्टर हाऊसच्या दारात पोचली तेव्हा भोक सापडलं. पाणी नाही म्हटलं की गावातल्या बायका काय करतात? तिने स्वतः जन्मभर तेच केलं होतं. कपडे राहू देतात, फरशी राहू देतात, आणि घरात भरून ठेवलेलं पाणी प्यायला राखून ठेवतात. झाकण लावून, जपून, लेकरांना आधी. म्हणजे पंप बिघडला म्हटलं तर घराघरांतलं तेच नासलेलं पाणी पेल्यापेल्याने जपून प्यायलं जाईल. नळ बंद झाला तरी शेण पोटात जायचं थांबणार नाही. थांबेल कधी, तर ते पाणी ओता, असं कुणी सांगितलं तर. आणि ओता म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, का?

तिने चाकाला हात घातला. गावाकडे जाणाऱ्या पाण्याची मोठी चावी बंद करायला जोर लागतो, चाक गंजकं आणि कललेलं. शेवटचा फेरा बसला तशी नळातली सळसळ थांबली. पंपही बंद केला. आतल्या खोलीत खाट थरथरायची थांबली असणार. बघायला ती गेली नाही.

एवढ्या वर्षांत फोन वाजायचा आणि ती उचलायची. त्या दिवशी पहिल्यांदा तिने आपणहून लावला. साहेबांना लावला, तिकडून "साहेब मीटिंगमध्ये आहेत" आलं. निरोप ठेवला. मग मास्तरांना लावला, कारण मास्तरांचा आवाज भोंग्याच्या तोडीचा आणि त्यांना घाबरत नाही असं घर गावात नाही.

"मास्तर, टाकीवाली बोलतेय. घरात भरलेलं सगळं पाणी ओतायला सांगा. गल्लीगल्लीत सांगा. प्यायला नाही, भाजी धुवायला नाही. मी पाणी बंद केलंय, टँकर येईपर्यंत विहिरीचं उकळून घ्या."

"कशामुळे?"

"पाण्यात शेण उतरलंय. वरचा खड्डा फुटला."

"कुणाचा खड्डा?"

तारेतून मास्तरांचा श्वास ऐकू येत होता. दवाखान्यातून मोबाइलवर बोलत होते ते, मागे कुणाचंतरी मूल रडत होतं.

"माझ्या भावाचा," ती म्हणाली. "आणि मास्तर, औषध मी कमी केलं होतं."

मास्तरांना आपलेच फोन आठवले असणार. ते म्हणाले, "मी सांगितलं म्हणून."

"तुम्ही वास म्हणालात. तोटी माझ्या हातात होती."

मास्तरांनी फोन ठेवला, आणि थोड्या वेळाने टेकडीवरूनही ऐकू आला तो त्यांचा आवाज, गल्लीतून फिरणारा, ओता, ओता, म्हणणारा.

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप आली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला होता तो उतरल्यापासून जाईपर्यंत काढला नाही. त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेच्या मॅडम होत्या. कमी बोलणाऱ्या, बूट चिखलात घालायला न लाजणाऱ्या. त्यांनी टाकीवालीला नेहमीसारखी तपासणी करायला सांगितली. तिने नळी भरली, दोन थेंब टाकले, खिडकीतल्या खाचेत ठेवली आणि सवयीने मागे वळली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आता बघा."

नळीतलं पाणी बिनरंगाचं होतं, नुसतं पाणी. दोघी उभ्या राहून बघत होत्या. हळूहळू, कुणी दमून जिना चढावा तसा, त्यात पिवळा रंग आला.

"हा उशिरा आलेला रंग," मॅडम म्हणाल्या. "शेणातला अमोनिया औषध खातो. उरतं ते अर्धमेलं. वास त्यालाच जास्त, जोर कमी. खरं औषध असलं की थेंब पडताक्षणी पिवळं होतं, तेवढंच मोजायचं. नंतर आलेला रंग धरायचा नाही. लोकांना वास आला तेव्हा औषध कमी पडत होतं, वाढवायला हवं होतं. तुम्ही नळी कधी बघायचा?"

"चहा झाल्यावर."

"इतका वेळ चहा?"

टाकीवालीने नळी धुवायला घेतली. मॅडमनी पुन्हा विचारलं नाही, आणि त्याबद्दल टाकीवालीने त्यांना मनातल्या मनात दुवा दिला.

गाव बरेच दिवस टँकरवर होतं. मास्तरांची नात घरी आली, काडी होऊन आली, पण आली. कुणी दगावलं नाही. याचं श्रेय साहेबांनी खात्याला दिलं आणि दोष टाकीवालीला. लेखी समज दिली आणि कामावर ठेवलं, कारण टेकडीवर राहायला दुसरं कोण तयार होणार. पिंपाची तोटी गेली, तिथे कुलूपबंद पेटीतलं यंत्र आलं. भावाला नोटीस लागली, निम्म्या गाई विकाव्या लागल्या, आणि खड्डा सिमेंटचा, ओढ्यापासून लांब, नव्याने बांधावा लागला.

गावाची दोन तोंडं झाली. एक म्हणायचं, हिने आम्हाला शेण पाजलं. दुसरं म्हणायचं, पाठच्या भावाला पकडून देणारी ही कसली बहीण. ही दोन तोंडं पुष्कळदा एकाच माणसाला असायची. फोन वाजेनासा झाला. हॉटेलवाला आता थेट साहेबांना फोन करायचा. मास्तर टेकडीखालून फिरायला जायचे, मान वर करून टाकीकडे बघायचे, हात मात्र वर करायचे नाहीत. त्यांनाही त्यांचं मन खात असणार.

सकाळी ती नळी भरायची, थेंब टाकायची, बघायची. लगेच पिवळी. तपासणी डोळ्याचं पातं लवायच्या आत संपायची. मग चहाची वेळ तशीच पुढ्यात पडून राहायची. दूध आता दुकानातलं, पिशवीतलं. ते निळं आहे की पांढरं, याच्यावर कुणाशी बोलणार.

साहेबांनी एक काम नवीन लावलं. आठवड्यातून एकदा वरच्या गोठ्याचा शेणखड्डा बघून यायचा, आत रंगवलेल्या तांबड्या पट्ट्याच्या वर पातळी गेली नाही ना, बांधाला भेग नाही ना. साहेबांना स्वतःला वासाचा त्रास. दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. टाकीवालीने नाही म्हटलं नाही.

ती ओढ्याकाठच्या वाटेने जाते. गवत पुन्हा उभं राहिलंय. भावजय तिला बघून आत जाते आणि कडी लावते, आवाज होईल अशी. भाऊ गोठ्याच्या त्या टोकाला पाठ करून पाइप धरून उभा असतो. पहिल्या खेपेला त्याने मान वळवली नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही.

परवा ती खड्ड्याच्या काठावर वाकून पट्टा बघत होती, तेव्हा पाठमोराच तो तांबड्या गाईला म्हणाला, "बघ गं, सरकार आलं. नीट उभी राहा, नाहीतर तुलाही नोटीस."

टाकीवालीने पट्टा बघितला. मग गाईकडे बघून म्हणाली, "त्याला सांग, पातळी खाली आहे."

गाईने कान हलवला.

"म्हणावं, सिमेंट दोनदा लिंपलंय," तो म्हणाला. "हात लावून बघा म्हणावं."

तिने हात लावून बघितलं. गार, गुळगुळीत, कुठे भेग नव्हती. "चांगलं झालंय म्हणावं," ती म्हणाली.

पाण्याची धार फरशीवर फिरत राहिली. गोठ्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर, आतल्या बाजूला, चेपलेल्या झाकणाचा डबा पालथा घातलेला दिसत होता. तो तिच्यासाठी ठेवला होता की नुसताच पडला होता, हे विचारायला गाईचा उपयोग नव्हता.

"येते गं," ती गाईला म्हणाली.

येते म्हटलं की समोरच्याने ये म्हणायचं असतं. ती वळली नाही लगेच. उशिरा येणारा रंग धरायचा नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तरी ती खड्ड्याच्या काठाला हात टेकून थोडा वेळ थांबली.